आकड्याआधीची पाच मिनिटं

कोथरूडला मोजमाप नवं नाही. पौड रस्त्यावरच्या ज्या वनाझ कंपनीवरून मेट्रोच्या स्थानकाला नाव पडलं, ती कंपनी गॅसचा दाब आवरणाऱ्या रेग्युलेटरसाठी ओळखली जाते. वेताळ टेकडीच्या अंगावर वसलेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या एआरएआयमध्ये, गाड्यांच्या चाचण्या होतात. अशा कामात काही सवयी अंगवळणी पडलेल्या असतात. मोजणारं उपकरण आधी तपासायचं, मोजण्याची परिस्थिती ठरवून घ्यायची आणि एका रीडिंगवर निकाल द्यायचा नाही. याच टेकडीच्या पायथ्याशी, कॉलन्यांमधल्या घरांत, औषधांच्या डब्याशेजारी बीपीचं मशीन असतं. त्यावरच्या आकड्यावरून माणसाची गोळी सुरू होते, वाढते किंवा बंद होते. ती मोजणी मात्र बहुधा घाईत, बोलता बोलता, बसल्या जागी उरकली जाते.

रक्तदाब घरी आणि दवाखान्यात अचूक कसा मोजावा, एवढाच या पुस्तिकेचा विषय आहे. आहार, व्यायाम, गोळ्या, योग यांवर मराठीत भरपूर लिहिलं गेलं आहे. ते सगळं ज्या आकड्यावर उभं आहे, तो आकडा कसा मिळवायचा यावर फार थोडं लिहिलं गेलं आहे.

हा प्रश्न किती जणांचा आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, १५ वर्षांवरच्या भारतीय पुरुषांपैकी २४ टक्के आणि स्त्रियांपैकी २१ टक्के जणांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा त्यासाठी औषध चालू होतं. कोथरूडसारख्या उपनगरात या आकड्याला आणखी एक बाजू आहे. मयूर कॉलनी, डहाणूकर कॉलनी, आयडियल कॉलनी या भागांत निवृत्त जोडपी मोठ्या संख्येने राहतात आणि अनेकांची मुलं परदेशी किंवा परगावी आहेत. रात्रीच्या व्हिडिओ कॉलवर ‘जेवलात का’ यानंतरचा प्रश्न ‘आज बीपी किती आलं’ हाच असतो. आईने सांगितलेले दोन आकडे ऐकून हजारो मैलांवरचा मुलगा निश्चिंत होतो किंवा रात्रभर जागा राहतो. ते दोन आकडे खरे असावेत, एवढी अपेक्षा रास्त आहे.

पाच-दहा अंकांनी काय बिघडतं, असं वाटणं साहजिक आहे. त्याचं उत्तर मोठ्या अभ्यासांनी दिलेलं आहे. सुमारे १० लाख प्रौढांची माहिती एकत्र करून २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात असं दिसलं, की मध्यम वयात वरचा रक्तदाब २० मिलिमीटरने जास्त असला, तर पक्षाघाताने किंवा हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका दुप्पट किंवा त्याहूनही अधिक होतो. पुढे २०२१ मध्ये ४८ औषधी चाचण्यांमधल्या सुमारे साडेतीन लाख लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. वरचा रक्तदाब केवळ ५ मिलिमीटरने उतरवला, तर हृदयविकार आणि पक्षाघातासारख्या मोठ्या घटना साधारण १० टक्क्यांनी घटतात, असा तिचा निष्कर्ष निघाला. गोळीने जे ५ मिलिमीटर मिळवायचे, तेवढे चुकीच्या बसण्याने सहज वाढतात किंवा दडतात. मग कुणाला नको असलेली गोळी लागते आणि कुणाला हवी असलेली लागत नाही.

मुळात रक्तदाब ही एका जागी थांबणारी गोष्ट नाही. हृदय आकुंचन पावतं तेव्हा धमन्यांच्या भिंतीवर पडणारा सर्वाधिक जोर म्हणजे वरचा रक्तदाब. दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैलावतं तेव्हाचा किमान जोर म्हणजे खालचा. हे दोन्ही आकडे ठोक्यागणिक बदलतात. जिना चढल्यावर वाढतात, झोपेत उतरतात, थंडीत चढतात, भीतीने उसळतात. माणसाला एकच ठाम रक्तदाब नसतो, एक पट्टा असतो आणि त्यात तो दिवसभर वरखाली होत राहतो. मोजणाऱ्याला शोधायची असते ती शांत बसलेल्या अवस्थेतली सरासरी. म्हणूनच रक्तदाब मोजण्याची परिस्थिती ठरवून घ्यावी लागते. ती ठरवली नाही, तर सोमवारच्या आकड्याची गुरुवारच्या आकड्याशी तुलनाच करता येत नाही.

ही परिस्थिती ठरवायला वैद्यकाला पावणेदोनशे वर्षं लागली. इंग्लंडमधले धर्मगुरू स्टीफन हेल्स यांनी घोडीच्या धमनीत पितळी नळी घालून तिला काचेची उभी नळी जोडली. रक्त ८ फूट ३ इंच उंच चढलं. हा प्रयोग त्यांनी १७३३ मध्ये छापला. माणसावर असं काही करणं अशक्यच होतं. पुढे प्वाझेय या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२८ मध्ये लांब नळीऐवजी पारा वापरला. पारा पाण्याच्या १३.६ पट जड असल्याने १२० मिलिमीटर पाऱ्याचं काम पाण्याकडून करून घ्यायचं, तर सव्वापाच फुटांहून उंच स्तंभ लागला असता. आजही रक्तदाब ‘मिलिमीटर पारा’ या एककात सांगतात, मग मशीनमध्ये पाऱ्याचा थेंबही नसो.

दंडाला पट्टा बांधून, हवा भरून धमनी दाबायची आणि मग हवा सोडत जायची, ही युक्ती शिपिओने रिव्हा-रोच्ची या इटालियन डॉक्टरची. तूरिनमध्ये १८९६ साली त्यांनी ती मांडली. त्यांचा पट्टा जेमतेम ५ सेंटिमीटर रुंद होता. इतका अरुंद पट्टा धमनीवर नीट दाब देऊ शकत नाही आणि आकडा फुगवतो, हे १९०१ मध्ये जर्मनीच्या फॉन रेक्लिंगहाउझेन यांनी दाखवून पट्टा रुंद केला. सव्वाशे वर्षं लोटली, तरी पट्ट्याच्या मापाचा हा धडा घरोघरच्या मशीनपर्यंत पोचलेला नाही. त्याकडे पुढे पुन्हा यायचं आहे.

रिव्हा-रोच्ची यांना मनगटावरची नाडी चाचपून फक्त वरचा रक्तदाब कळत असे. खालचा कळू लागला तो निकोलाय कोरोत्कोव या रशियन लष्करी शल्यविशारदामुळे. रशिया-जपान युद्धात जखमी रक्तवाहिन्यांवर उपचार करताना त्यांना धमन्यांवर स्टेथोस्कोप ठेवून ऐकण्याची सवय जडली होती. १९०५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला त्यांनी एक अगदी छोटं टिपण वाचलं. पट्ट्यातली हवा सोडताना कोपराच्या खोबणीत ठोक्यांचा आवाज जिथे सुरू होतो तो वरचा रक्तदाब, आणि जिथे आवाज नाहीसा होतो तो खालचा. डॉक्टर आजही ज्या पद्धतीने कान लावून ऐकतात, ती हीच.

या साधनामुळे काय शक्य झालं, याचं उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचा सर्पगंधेचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्पगंधा देशी वैद्यकाला माहीत होती. पण तिने रक्तदाब उतरतो, हे जगाला पटलं ते रुग्णागणिक घेतलेल्या मोजमापांमुळे. या कामासाठी डॉ. वकील यांना १९५७ मध्ये अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला. औषध गुणकारी आहे की नाही, हे शेवटी पट्टा आणि पाराच सांगत होता.

आता प्रत्यक्ष मोजणीकडे वळू. दवाखान्यात सर्वसाधारणपणे काय घडतं? समजा, सत्तरीच्या एक आजी दोन जिने चढून, कर्वे रस्त्याची वाहतूक ओलांडून वेळेवर पोचतात. नंबर लागतो. डॉक्टर पट्टा बांधता बांधता विचारतात, ‘काय म्हणता, झोप लागते का?’ आजी उत्तर देतात, पाय स्टुलावर अधांतरी, पाठीला टेकू नाही, हात बाजूला लोंबतोय, ब्लाउजची बाही घट्ट असल्याने पट्टा अर्धा कापडावर. आकडा येतो १५८. यातली एकही गोष्ट जगावेगळी नाही आणि कुणाचा हेतूही वाईट नाही. पण मोजमापाच्या दृष्टीने यातली प्रत्येक गोष्ट आकड्यात ढवळाढवळ करते.

बोलण्यापासून सुरुवात करू. मोजताना माणूस बोलला, तर वरचा रक्तदाब साधारण १० मिलिमीटरने चढू शकतो. पायावर पाय टाकला, तरी काही मिलिमीटर वाढतात. पाठ टेकलेली नसेल किंवा मूत्राशय भरलेलं असेल, तर आणखी. दिवाणावर मांडी घालून मोजायची सवय अनेक घरांत आहे, तीही सोडून द्यायला हवी. तळवे जमिनीवर सपाट हवेत आणि पाठ खुर्चीला टेकलेली हवी. आधीच्या अर्ध्या तासात चहा, कॉफी, तंबाखू किंवा व्यायाम नको. टेकडीवरून उतरल्या उतरल्या पायथ्याच्या शिबिरात मोजलेला रक्तदाब शिबिराच्या वहीसाठी ठीक, निर्णयासाठी नाही.

हाताच्या उंचीमागे साधं भौतिकशास्त्र आहे. पट्टा हृदयाच्या पातळीपासून दर १० सेंटिमीटर खाली गेला, की रक्ताच्या स्तंभाच्या वजनाने आकडा साधारण ७ ते ८ मिलिमीटरने वाढतो. वर गेला, तर तेवढाच घटतो. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने २०२४ मध्ये १३३ जणांवर हेच तपासलं. हात टेबलावर टेकवून घेतलेल्या रीडिंगच्या तुलनेत, हात मांडीवर ठेवला की वरचा आकडा सरासरी ३.९ ने आणि हात बाजूला लोंबता ठेवला की ६.५ ने जास्त आला. उपाय बिनखर्चाचा आहे. जेवणाच्या टेबलाशी बसावं, हात टेबलावर सैल टेकवावा आणि टेबल ठेंगणं असेल, तर हाताखाली घडी घातलेली चादर ठेवावी. पट्ट्याचा मधला भाग छातीच्या मध्याच्या उंचीवर आला, की झालं.

पट्ट्याचं माप ही सर्वांत दुर्लक्षित गोष्ट. पट्ट्याच्या आत हवेची जी पिशवी असते, तिची लांबी दंडाच्या घेराच्या ७५ ते १०० टक्के असायला हवी. मशीनसोबत बहुधा एकच मध्यम पट्टा येतो आणि घरातले सगळे तोच वापरतात. भरलेल्या दंडाचे आजोबा, सडपातळ आजी आणि जिमला जाणारा नातू, तिघांनाही एकच. जॉन्स हॉपकिन्सच्याच २०२३ च्या अभ्यासात, ज्यांना सर्वांत मोठा पट्टा लागतो त्यांना मध्यम पट्टा बांधला, तेव्हा वरचा आकडा सरासरी १९.५ ने जास्त आला. ज्यांना लहान पट्टा हवा त्यांना मध्यम बांधला, तेव्हा ३.६ ने कमी आला. म्हणजे जाड दंडाच्या माणसाला नसलेला आजार चिकटू शकतो आणि बारीक दंडाच्या वृद्धेचा असलेला आजार झाकला जाऊ शकतो. दुकानातून मशीन घेण्याआधी खांदा आणि कोपर यांच्या मध्यावर शिवणकामाच्या टेपने दंड मोजावा आणि पट्ट्यावर छापलेली घेराची मर्यादा त्याच्याशी जुळवून पाहावी. बहुतेक नामांकित कंपन्यांचे मोठे पट्टे वेगळे विकत मिळतात.

पट्टा उघड्या दंडावर बांधायचा. थंडीत स्वेटर वर सारून किंवा पूर्ण बाहीचा शर्ट गुंडाळून तो बांधला, की गुंडाळलेलं कापडच दंड आवळतं. हात बाहीतून काढून घेणं हा सरळ मार्ग. महिला रुग्णांना त्यासाठी आडोसा मिळावा, याची सोय दवाखान्याने ठेवायला हवी.

या सगळ्याआधी येतात ती पाच मिनिटं. खुर्चीत शांत बसून, न बोलता, मोबाइल बाजूला ठेवून घालवलेली पाच मिनिटं. नंतर एका मिनिटाच्या अंतराने किमान दोन रीडिंग घ्यायची. पहिलं रीडिंग बहुधा जास्त येतं. ते आवडलं नाही म्हणून पुसून टाकायचं नाही आणि आवडलं म्हणून तिथेच थांबायचंही नाही. पहिल्या भेटीत दोन्ही दंडांवर मोजावं. वरच्या आकड्यात १० पेक्षा जास्त फरक सातत्याने दिसला, तर ज्या दंडावर जास्त येतो तोच पुढे वापरावा आणि फरक डॉक्टरांच्या कानावर घालावा.

एवढं पाळूनही दवाखान्यातला आकडा घरापेक्षा वेगळा येऊ शकतो. याला डॉक्टरची उपस्थितीच कारण असते. इटलीत मान्चा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ४८ रुग्णांच्या धमनीत थेट नळी घालून रक्तदाबाची अखंड नोंद ठेवली. डॉक्टर पट्टा घेऊन खोलीत आला, की काही मिनिटांत वरचा रक्तदाब सरासरी २७ मिलिमीटरने उसळत होता. परिचारिकेने मोजलं, तर उसळी बरीच कमी, हे त्यांनी नंतर दाखवलं. दवाखान्यात जास्त आणि घरी नॉर्मल, या प्रकाराला ‘व्हाइट कोट हायपरटेन्शन’ म्हणतात. न्यू यॉर्कच्या थॉमस पिकरिंग यांनी १९८८ मध्ये त्यावर वैद्यकाचं लक्ष वेधलं. याची उलट बाजू अधिक घातक आहे. दवाखान्यात १३० आणि घरी, कामाच्या जागी १५०. हा लपलेला उच्च रक्तदाब घरी मोजल्याशिवाय किंवा चोवीस तासांचं यंत्र लावल्याशिवाय सापडत नाही. भारतात २०१८-१९ मध्ये औषध न घेणाऱ्या सुमारे १९ हजार लोकांवर झालेल्या ‘इंडिया हार्ट स्टडी’त या दोन प्रकारांत मोडणाऱ्यांचं प्रमाण मिळून सुमारे ४२ टक्के निघालं. दवाखान्यातल्या एकाच भेटीवर विसंबून राहिलं, तर किती माणसं चुकीच्या रकान्यात जातात, हे यावरून लक्षात यावं.

मग घरच्या मोजणीवर भरवसा ठेवावा का? याचं सर्वांत सुंदर उत्तर जपानमधल्या ओहासामा या छोट्या गावाने दिलं. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तोहोकू विद्यापीठाच्या युताका इमाई यांच्या चमूने गावातल्या घरांना रक्तदाबाची मशीनं दिली. शेतकरी कुटुंबांनी ती रोज वापरली, नोंदी ठेवल्या आणि संशोधक वर्षानुवर्षं त्या लोकांच्या प्रकृतीवर नजर ठेवून राहिले. १९९८ मध्ये जे हाती आलं, ते असं: पुढे कोण दगावेल याचा अंदाज तपासणी केंद्रातल्या रीडिंगपेक्षा घरच्या रीडिंगवरून अधिक चांगला बांधता येतो. साध्या गावकऱ्यांनी आपापल्या घरी घेतलेल्या नोंदींनी जगभरातल्या मार्गदर्शक सूचना बदलल्या.

कोथरूडच्या घरात हे कसं करायचं, याची रीत ठरलेली आहे. डॉक्टरांच्या भेटीआधी सलग सात दिवस, निदान तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ मोजायचं. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहा-नाश्त्याआधी आणि गोळीआधी. संध्याकाळी जेवणाआधी किंवा झोपण्याआधी, पण रोज ठरल्या वेळी. प्रत्येक वेळी दोन रीडिंग. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. ही सरासरी १३५/८५ किंवा जास्त आली, तर रक्तदाब वाढलेला समजतात. दवाखान्यातली मर्यादा १४०/९० आहे. घर आणि दवाखाना यांच्या मर्यादा वेगळ्या असतात, हे अनेक सुशिक्षित घरांतही माहीत नसतं आणि ‘१३८ म्हणजे नॉर्मलच की’ म्हणून वही मिटली जाते. दुसऱ्या टोकाला, दिवसातून दहा वेळा पट्टा बांधणारेही आहेत. आकड्याची धास्ती घेतली, की आकडा वाढतो आणि वाढलेला पाहून धास्ती वाढते. सात दिवसांची रीत या दोन्ही टोकांपासून वाचवते.

मशीन कसं निवडावं, यावर पुस्तिकेत स्वतंत्र प्रकरण आहे. इथे मुद्द्याच्या चार गोष्टी. घरचं डिजिटल मशीन ठोके ऐकत नाही. हवा सोडताना पट्ट्यात उमटणारी धमनीची स्पंदनं ते टिपतं आणि त्यांच्या चढउतारावरून, कंपनीने ठरवलेल्या सूत्राने, वरचा-खालचा आकडा काढतं. सूत्र कंपनीगणिक वेगळं असल्याने प्रत्येक मॉडेलची माणसांवर पडताळणी व्हावी लागते. आंतरराष्ट्रीय निकषानुसार अशी पडताळणी किमान ८५ जणांवर करतात आणि सरासरी चूक ५ मिलिमीटरच्या आत असावी लागते. भारतात २०२१ पासून रक्तदाबाची मशीनं औषध कायद्याच्या कक्षेत आली आहेत, पण विक्रीचा परवाना आणि अचूकतेची पडताळणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पडताळणी झालेल्या मॉडेलांची यादी ‘स्ट्राइड बीपी’ ही आंतरराष्ट्रीय ना-नफा संस्था सर्वांसाठी खुली ठेवते. केमिस्टच्या दुकानात किंमत विचारण्याआधी मॉडेलचं नाव तिथे पाहावं. मशीन दंडावरचं घ्यावं. मनगटावरच्या मशीनमध्ये हाताची उंची सांभाळणं अवघड जातं. पट्टा नसलेल्या घड्याळांच्या आकड्यावर निदान करू नये, असंच युरोपातल्या तज्ज्ञ संघटनेचंही मत आहे.

काही माणसांसाठी नियम थोडे वेगळे आहेत. हृदयाचे ठोके अनियमित असतील, तर स्पंदनांवर चालणारं मशीन गोंधळू शकतं. अशा वेळी तीन रीडिंगची सरासरी घ्यावी आणि डॉक्टरांकडून स्टेथोस्कोपनेही मोजून घ्यावं. गरोदर स्त्रियांसाठी गरोदरपणात वेगळी पडताळणी झालेलंच मशीन हवं, कारण तिथे थोड्या दिवसांत रक्तदाब धोक्याच्या पातळीला जाऊ शकतो. ज्येष्ठांचा रक्तदाब बसून मोजल्यावर उभं राहून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटालाही मोजावा. वरचा २० ने किंवा खालचा १० ने पडत असेल, तर पहाटे बाथरूमकडे जाताना येणारी चक्कर आणि पडून मोडणारं खुब्याचं हाड यांचं मूळ तिथे असू शकतं. ऋतूचाही विचार हवा. डिसेंबर-जानेवारीतल्या पुण्याच्या थंडीत रक्तदाब चढतो आणि एप्रिल-मेमध्ये उतरतो. उन्हाळ्यात आकडा खाली आला म्हणून स्वतःच्या मनाने गोळी बंद करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

दवाखान्यांमध्येही एक स्थित्यंतर चालू आहे. टेबलावरची पाऱ्याची उभी पेटी निरोप घेते आहे. जपानमधल्या मिनामाता शहरात कारखान्याने समुद्रात सोडलेल्या पाऱ्याने हजारो माणसं कायमची अधू झाली. त्याच शहराचं नाव घेतलेला पाराविरोधी जागतिक करार २०१३ मध्ये झाला, २०१७ मध्ये लागू झाला आणि भारताने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. पाऱ्याच्या जागी आलेली घड्याळासारख्या तबकडीची यंत्रं स्प्रिंगवर चालतात. ती पडली-आपटली की बिघडतात आणि काटा शून्यावर दिसत असूनही मधल्या पट्ट्यात चुकू शकतात. त्यांची ठरावीक मुदतीत तपासणी व्हायलाच हवी. कान लावून मोजण्यात आणखी एक दोष माणसाचा: आकडा शून्यावर आणून ठेवण्याची ओढ. १२०/८०, १३०/८०, १४०/९०. ज्या केस-पेपरवर सगळेच आकडे शून्याने संपतात, तिथे मोजणी अंदाजाने झालेली असते. काटा २ मिलिमीटरच्या बारकाईने वाचायचा असतो आणि हवा सेकंदाला २ ते ३ मिलिमीटर इतक्याच वेगाने सोडायची असते.

हे सगळं फक्त सुखवस्तू उपनगराला परवडणारं आहे, असं मात्र नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, केंद्र आणि राज्य सरकारं आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी सुरू केलेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे सुरुवातीच्या टप्प्यात होते. प्राथमिक आरोग्य केंद्रांत डिजिटल मशीन, दरवेळी ठरल्या पद्धतीने मोजणी, प्रत्येक रुग्णाची नोंद आणि भेट चुकली की पाठपुरावा, असा त्याचा साधा आराखडा. २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. भंडाऱ्याच्या आरोग्य केंद्रात जे जमतं, ते कोथरूडच्या खासगी दवाखान्यात, महापालिकेच्या सुतार दवाखान्यात आणि सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक संघात जमायला हरकत नसावी. वेटिंग रूमच्या एका कोपऱ्यात टेकू असलेली खुर्ची, योग्य उंचीचं टेबल, तीन मापांचे पट्टे आणि ‘कृपया पाच मिनिटं शांत बसा’ अशी पाटी. रुग्ण आत जाण्याआधी तिथेच मोजणी झाली, तर डॉक्टरांचा वेळही वाचतो.

या पुस्तिकेची मांडणी त्याच क्रमाने आहे. पहिल्या भागात रक्तदाब आणि त्याच्या मोजणीचं शास्त्र, दुसऱ्यात घरची पद्धत, तिसऱ्यात दवाखान्यासाठी सूचना, चौथ्यात गरोदर स्त्रिया, ज्येष्ठ आणि अनियमित ठोक्यांचे रुग्ण. शेवटी सात दिवसांच्या नोंदींचे कोरे तक्ते जोडले आहेत. त्यांत रीडिंगशेजारी वेळ, दंड आणि गोळीआधी की नंतर, असे रकाने आहेत. तक्ता भरून डॉक्टरांकडे न्यावा. त्यावरून औषध स्वतःच बदलू नये. एक अपवाद ध्यानात असावा. आकडा १८०/१२० च्या वर असेल आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलताना जीभ अडखळणं, तोंड वाकडं होणं, हातापायातली शक्ती जाणं किंवा अचानक अंधारी येणं असं काही असेल, तर पुन्हा मोजत बसू नये, थेट रुग्णालय गाठावं. आकडा तेवढाच, पण त्रास काहीच नसेल, तर शांत बसून पाच मिनिटांनी पुन्हा मोजावं आणि तरीही उतरला नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावं.

वाचायला घेण्याआधी घरातलं मशीन बाहेर काढून त्याचं मॉडेल, खरेदीचं वर्ष आणि पट्ट्यावरची घेराची मर्यादा एका कागदावर लिहून ठेवावी. दुसऱ्या प्रकरणातला पहिला स्वाध्याय त्यावरच आहे. पुढच्या तपासणीला जाताना मशीन पिशवीत घालून न्यावं आणि एकाच दंडावर, एकदा दवाखान्याच्या आणि एकदा घरच्या यंत्राने, असं आळीपाळीने मोजून पाहावं. दोघांतला सरासरी फरक ५ मिलिमीटरच्या आत असेल, तर मशीन चालू द्यावं. ५ ते १० असेल, तर पट्टा आणि बसण्याची पद्धत तपासून पुन्हा मोजावं. फरक १० च्या पुढे टिकून राहिला, तर दोन्हींतलं कोणतं यंत्र चुकतंय हे तिसऱ्या, तपासलेल्या यंत्राने ठरवून घ्यावं, आणि तोवर त्या आकड्यांवरून गोळीत बदल करू नये.